एकाच लॉटचा धागा

प्रिय कांडी,

समास आखून, तारीख उजव्या कोपऱ्यात घालून आणि टेबलाशी ताठ बसून मी हे पत्र लिहीत आहे. तू हसशील, तर हस. फोनवर मला बोलता येत नाही हे तुला ठाऊकच आहे. गेल्या चौदा महिन्यांत आपण जे काही बोललो ते सगळे मिळून एका पोस्टकार्डावर मावेल: तब्येत, हवा, जेवलात का, स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त केलात का. नळ अजून गळतो. मी जेवतो. तब्येतीबद्दल लिहिण्यासारखे विशेष नाही. सकाळी उठताना जो थकवा असतो तोच संध्याकाळी असतो, त्यात वाढ नाही आणि घटही नाही.

मावशी परवा येऊन गेली. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि या खेपेस ते बरेच झाले. तू तिला म्हणालीस म्हणे, की आईला माझ्याच पेशींनी मारलं, आता बाबांना कुठल्या तोंडाने भेटू. हे वाक्य तिने कांदा चिरता चिरता सांगितले, त्यामुळे तिचे डोळे कशाने भरले होते ते मला कळले नाही. मी तिला ते पुन्हा एकदा म्हणायला लावले. "भाऊजी, आता परत कशाला तेच तेच," असे ती वैतागून म्हणाली, पण तिने सांगितले. आणखीही एक गोष्ट तिने सांगितली. त्या गोष्टीकडे मी शेवटी येईन. आधी मला क्रमाने जाऊ दे. क्रम सुटला की माझा धीरही सुटतो.

आईच्या संशोधन संस्थेने तिची प्रयोगशाळेतली खोली रिकामी करून मागितली. माणसे सभ्य आहेत, वर्षभर थांबली. मी लागोपाठ चार शनिवार गेलो. फ्लास्क धुणाऱ्या बाई तुला आठवत असतील, ज्यांना आई 'मुकादम' म्हणायची, कारण त्यांनी उजेडात धरून पास केल्याखेरीज एकही भांडे प्रयोगशाळेत शिरत नसे. त्यांनीच मला खोकी आणून दिली आणि "साहेब, बसून करा, उभ्यानं कंबर जाईल, मग तुम्हाला कोण उचलणार," असे बजावले. तुझे उंच स्टूल अजून तिथेच आहे. त्याच्या खालच्या दांडीवरचा रंग तुझ्या बुटांनी जिथे घासला होता, तिथे आता गंज आहे. मी त्यावर बसून फायली लावल्या.

रविवारी सकाळी आपण तिघे तिथे जात असू, कारण पेशींना रविवार कळत नाही आणि त्यांचे जुने पाणी काढून नवे गुलाबी पोषक पाणी घालावेच लागते. आई काचेच्या पडद्यामागे हात घालून बसायची, तू स्टुलावर, आणि मी दारापाशी, घड्याळ धरून. तू सहा वर्षांची असताना तिने तुला समजावले होते, खरे तर तुझ्या आडून मला. प्रत्येक पेशीत जवळजवळ दोन मीटर धागा असतो, ती म्हणाली, आणि तो प्रथिनांच्या इवल्या इवल्या कांड्यांवर गुंडाळलेला असतो, बाबांच्या गिरणीत असतो ना, अगदी तसा. घट्ट गुंडाळलेला भाग वाचता येत नाही. सैल सोडलेला वाचता येतो. डोळ्याच्या पेशीत आणि कातडीच्या पेशीत धागा एकच, फक्त सैल कुठे सोडायचा हे निराळे. त्यासाठी ठिकठिकाणी रसायनांच्या चिठ्ठ्या लावलेल्या असतात: इथे सोडा, इथे आवळा. मूलपेशीत मात्र काही जागी दोन्ही चिठ्ठ्या एकाच वेळी असतात, सोडा आणि थांबा, कारण पुढे काय व्हायचे हे तिचे अजून ठरलेले नसते. त्यावर तू विचारलेस, की नको असलेला धागा कापून का टाकत नाहीत. आई हसली आणि म्हणाली, "अगं, हसण्याचा धागा तुझ्या बाबांकडेसुद्धा आहे. फार घट्ट गुंडाळलाय, इतकंच." तू इतकी हसलीस की स्टुलावरून पडता पडता राहिलीस. मी घड्याळाकडे पाहत राहिलो, पण मला ते आवडले होते. तेव्हा सांगायचे राहून गेले.

त्या दिवसापासून मला वाटू लागले की तिचे शास्त्र मला कळते. माझी एकतीस वर्षे सूतगिरणीत तपासनीस म्हणून गेली आणि तुझे घरातले नावही मी तिथूनच आणले. तिथला एक नियम माझ्या हाडीमाशी खिळला आहे. धागा तुटला तर सांधा त्याच लॉटच्या, म्हणजे त्याच कापसातून एका वेळी कातलेल्या, धाग्याने मारायचा. दुसऱ्या लॉटचा धागा कितीही उजवा असो, जाडी तीच असो, पीळ तोच असो, तो घ्यायचा नाही. विणलेल्या कोऱ्या कापडात काही दिसत नाही. कापड रंगाच्या हौदातून बाहेर आले की मधोमध पट्टा उठतो आणि सगळा तागा वाया जातो. या एका कारणासाठी मी किती माल नापास केला असेल, किती कामगारांच्या शिव्या खाल्ल्या असतील, त्याची गणती नाही. मला त्याचा अभिमान होता.

आता आईच्या आजाराकडे येतो. रक्ताचा कर्करोग औषधांनी मागे हटला, पण तो परत येणार हे डॉक्टरांनी स्पष्ट केले आणि नव्या अस्थिमज्जेवाचून उपाय नाही असे सांगितले. तुला जे ठाऊक आहे ते एवढेच, की तू अर्धी जुळत होतीस, तू हो म्हणालीस, आणि दोन दिवस हातात सुया घालून पडून राहिलीस. जे ठाऊक नाही ते आता लिहितो. दात्यांच्या नोंदणीतून एक पूर्ण जुळणारा माणूस मिळाला होता. कोण, कुठला, हे सांगत नाहीत; पुरुष, वय बत्तीस, एवढेच कळले. डॉक्टर म्हणाले की दोन्ही वाटा चालण्याजोग्या आहेत: मुलगी आज तयार आहे, त्या माणसासाठी थांबावे लागेल, आणि थांबण्यातही धोका आहे. आईने क्षणाचाही विलंब न लावता तो परका माणूस निवडला. कारण शास्त्रीय असेल असे मला वाटले. ते तसे नव्हते. ती म्हणाली, "अहो, बिघडलं तर त्या माणसाला नुसतं एक पत्र जाईल, की उपयोग झाला नाही. त्याला वाईट वाटेल, पण तो जेवेल, झोपेल. आपली पोर जन्मभर स्वतःला खात बसेल."

तिने हे इतक्या आधी आणि इतक्या नेमकेपणाने सांगितले होते, कांडी. मी ते ऐकले होते.

ठरलेल्या तारखेच्या थोडे दिवस आधी, एका दुपारी, दवाखान्याच्या समन्वयक बाईंचा फोन आला. आईच्या तोंडात फोड होते, तिला बोलवत नव्हते, म्हणून फोन माझ्याकडे असायचा. मी तिच्या खोलीबाहेरच्या निळ्या बाकावर बसलो होतो. बाई म्हणाल्या की दात्याला ताप आला आहे, त्याने तीन आठवड्यांची मुदत मागितली आहे, तो यायला तयार आहे, डॉक्टरांच्या मते तेवढे थांबता येईल. तुमचा विचार कळवा. आईचा विचार, असेच त्यांना म्हणायचे असणार. काचेतून मला ती दिसत होती, कुशीवर, भिंतीकडे तोंड करून. मला तीन आठवडे दिसले नाहीत. मला पट्टा दिसला. परक्या लॉटचा धागा, आणि घरात आपला, आपल्याच लॉटचा, हाताशी असलेला. मी सांगितले की आम्ही थांबत नाही, मुलीच्या पेशी घ्या. मग हात धुतले, तोंडाला पट्टी बांधली, आत गेलो आणि आईला सांगितले की त्या माणसाने नकार दिला.

 उशाशी ठेवलेल्या पाटीवर तिने लिहिले: "घाबरला असेल बिचारा. त्याला नावं ठेवू नका." मग सहीसाठी कागद मागितला.

सुरुवातीचे दिवस तुलाही आठवत असतील, कारण तेव्हा तू काचेपलीकडून मला अंगठा दाखवायचीस. तिसऱ्या आठवड्यात रक्ताचे आकडे वर सरकू लागले. तुझ्या मूलपेशी कुणी वाट न दाखवता तिच्या हाडांत पोचल्या आणि कामाला लागल्या. "कांडी माझ्याकडे राहायला आली," ती सगळ्या परिचारिकांना सांगत सुटली. पुढे तिचा रक्तगट बदलून तुझा झाला, तेव्हा तिने तो अहवाल मला घरच्या आरशाच्या कडेला खोचून ठेवायला लावला; अजून तिथेच आहे. मग तळहातांवर पुरळ उठले. मग पोट. मग यकृत. तुझ्या मूलपेशींबरोबर तुझ्या लढाऊ टी-पेशीही तिच्या अंगात गेल्या होत्या. अशा पेशींचे एक वैशिष्ट्य आई सांगायची: शत्रू एकदा पाहिला, की लढाईला लागणारा धागा त्या पुन्हा कधी पूर्ण आवळत नाहीत, सैलच ठेवतात, म्हणजे पुढच्या वेळी शोधाशोध नको. आणि शत्रू कुठला हे त्या लहानपणीच शिकून आलेल्या असतात, जिच्या अंगात वाढल्या तिच्याकडून. तुझ्या पेशी तुझ्याकडून शिकल्या होत्या. आईचा जो अर्धा भाग तुझ्यात उतरला होता तो त्यांनी ओळखला आणि त्याच्या वाटेला त्या गेल्या नाहीत. जो अर्धा भाग तुला मिळालाच नव्हता, तो त्यांना परका वाटला. कारण तुझा दुसरा अर्धा माझा आहे. मी ज्याला एकच लॉट समजलो तो मुळात दोन लॉटांचा होता, आणि एकतीस वर्षे तपासनीस असून मला आपल्याच घरातला माल ओळखता आला नाही.

तुझ्या पेशींचा तिच्या मृत्यूशी संबंध नाही असे लिहून तुझे सांत्वन मी करणार नाही. एका खोट्याने पुष्कळ झाले. त्यांनी तिचे शरीर पोखरले, त्यांना आवरायला औषधे द्यावी लागली, त्या औषधांनी बाकीची राखण उठली आणि छातीत बुरशीचा संसर्ग झाला. हे खरे आहे. त्या परक्या माणसाच्या पेशींनी हेच केले नसते असेही कुणी छातीठोक सांगणार नाही; मी डॉक्टरांना विचारले, ते म्हणाले धोका कमी असता, नसता असे नाही. पण पेशी निवड करत नाहीत. शिकवले तेवढे करतात. निवड मी केली, एका बाकावर बसून, आणि जिची होती तिच्यापासून चोरून.

पुढे ती गेल्यावर, तू निघण्याच्या सकाळी, त्या गळक्या नळाखाली कप विसळताना माझ्याकडे पाठ करून विचारलेस, "बाबा, दुसरा कुणी मिळालाच नव्हता ना?" मी म्हणालो, नव्हता. तू पुन्हा विचारलेस. मी पुन्हा म्हणालो, नव्हता. तू कप पालथा घातलास आणि बॅग उचललीस. त्या वेळी खरे सांगितले असते तर तू माझ्यावर चिडली असतीस. स्वतःवर चिडून गेलीस. मी दार लावून घेतले आणि कप पुसून जागेवर ठेवला. असा माणूस आहे मी.

तिसऱ्या शनिवारी आईच्या टेबलाच्या खालच्या खणात तिची शेवटची वही सापडली. दवाखान्यातून ती तिने मुकादमबाईंच्या हाती परत पाठवली होती, घरी नव्हे. स्वतःच्या आजाराची नोंद तिने प्रयोगासारखी ठेवली आहे, पेन्सिलीने, रकाने आखून: ताप, पुरळ किती बोटे, काय खाल्ले, काय पोटात राहिले. एका दिवशी शेऱ्याच्या रकान्यात आहे, "कांडीची पिलावळ आज फार हट्टाला पेटली आहे. आईवर गेली." आणि चौथ्या महिन्यातल्या एका पानावर, तापाच्या आकड्याखाली, असे आहे: "समन्वयक बाई सहज बोलून गेल्या, दात्याने बरा झाल्यावर दोनदा माझी चौकशी केली. म्हणजे नकार त्याने दिला नव्हता. ह्यांनी दिला. ह्यांना विचारायचे नाही. रोज त्या बाकावर बसून बसून माणूस अर्धा झाला आहे." त्याखाली एक ओळ मोकळी, आणि मग: "कांडीला मात्र कळले पाहिजे. ह्यांनीच सांगितले पाहिजे. सांगतील. वेळ लागेल."

त्यानंतर ती साडेतीन महिने जगली. रोज मी तिला चमच्याने पाणी पाजले, तिची उशी सरळ केली, पेपर वाचून दाखवला, आणि तिने एका शब्दाने दाखवले नाही. मी त्या वाक्यांचा अर्थ लावत स्टुलावर किती वेळ बसलो कोण जाणे. मुकादमबाई दोनदा येऊन पाहून गेल्या. तिसऱ्या वेळी त्यांनी माझ्या हातातली वही काढून घेतली, खोक्यात सगळ्यात वर ठेवली आणि "आता घरी जा, साहेब" एवढेच म्हणाल्या. ते पान मी या पाकिटात घातले आहे. फाडलेले नाही, ब्लेडने कापले आहे. बाकीची वही तुझीच आहे, येशील तेव्हा ने.

तिचे शेवटचे संशोधन थकलेल्या पेशींवर होते हे तुला माहीत आहे. फार दिवस लढत राहिलेल्या टी-पेशी थकतात, आणि तो थकवा नुसता दमण्यासारखा नसतो; तो गुंडाळणीत उतरतो. लढण्याचे धागे आवळले जातात, थांबण्याचे सैल होतात, आणि नंतर शत्रू गेला, पुरेशी विश्रांती मिळाली, तरी जुनी गुंडाळी पुरती परत येत नाही. हे ती सांगत असताना मी विचारले होते, मग त्यांचा उपयोग काय. ती म्हणाली, त्या घोळक्यात थोड्या अशा असतात ज्या मूलपेशींसारख्या राहिलेल्या असतात, कडेला, गप्प. त्यांनी सगळे खर्चलेले नसते. नव्या उमेदीच्या पेशी निघाल्याच तर त्यांच्यातून निघतात, जुन्या थकलेल्यांतून नाही. मला त्या वेळी ते नुसती माहिती म्हणून आवडले होते. आता मी माझ्याबद्दल आशा धरत नाही; माझी गुंडाळी ठरून गेली आहे, आणि मला क्षमा करावीस असे सुचवण्यासाठी मी हे लिहिलेले नाही. तू मात्र सत्तावीस वर्षांची आहेस.

मावशीने सांगितलेली दुसरी गोष्ट ही. नोंदणीतून तुला फोन आला आहे. आईच्या वेळी तू तिथे नाव नोंदवले होतेस, आणि आता कुणी एक रुग्ण तुझ्याशी जुळतो आहे, अर्धा नव्हे, पूर्ण. "माझ्या पेशी मी आता कुणालाही देणार नाही, त्या विषारी आहेत," असे तू मावशीला सांगितलेस आणि शुक्रवारी त्यांना नाही म्हणून कळवणार आहेस. म्हणून हे पत्र. हो म्हण असे मी सांगत नाही. एकदा तुझ्या आणि आईच्या वतीने मी बोललो, पुन्हा बोलणार नाही. वेळ नसेल, भीती वाटत असेल, नकोसे वाटत असेल, तर खुशाल नाही म्हण. तो तुझा नकार असेल. फक्त तो माझ्या खोट्यावर उभा नसावा. पूर्ण जुळणाऱ्या शरीरात तुझ्या पेशींना बरेचसे ओळखीचेच भेटेल, आणि त्या विषारी नाहीत. मी त्यांना अशा शरीरात पाठवले होते, जिथे त्यांना अर्धे घर अनोळखी होते. त्या रुग्णाच्या खोलीबाहेरही एखादे बाक असेल आणि त्यावर फोन मांडीवर घेऊन कुणीतरी बसले असेल. मी तिथे बसलो आहे, म्हणून मला माहीत आहे. शुक्रवारी उत्तर त्यांना दे. मला नाही दिलेस तरी चालेल.

तुझाच, अर्ध्या धाग्याचा,
बाबा